कान्होजींची राजधानी : ओहोटीला उघडणारी, भरतीला मिटणारी

नागाव (ता. अलिबाग) : अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारा रस्ता आक्षी ओलांडून नागावात शिरतो, तेव्हा दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या दाटून येतात. समुद्र जवळच असतो, पण दिसत नाही. वाड्या संपून पुळण लागली, की उत्तरेला पाण्यात कुलाबा किल्ल्याची काळी रेघ उमटते. दक्षिणेला काही किलोमीटरवर रेवदंड्याचा पोर्तुगीज तट आणि खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर. अठराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत नागाव या दोन सत्तांच्या मधोमध होते. उत्तरेची सत्ता होती सरखेल कान्होजी आंग्रे यांची.

कान्होजींचे चरित्र बहुधा समुद्रावरील लढायांच्या क्रमाने सांगितले जाते. अमुक साली अमुक जहाज पकडले, तमुक साली इंग्रज हरले, अशी ती जंत्री असते. या लढाया ज्या राजधानीच्या आधारावर लढल्या गेल्या, तिची रचना मात्र सहसा मागेच राहते. ही राजधानी म्हणजे नुसता एक किल्ला नव्हता. खडक, भरती-ओहोटी, खाड्या, डोंगर, वाड्या आणि तह अशा अनेक गोष्टी तिच्या तटबंदीत बसवलेल्या होत्या. आज तिचा आराखडा मनात उभा करायचा तर कान्होजींचे आयुष्यच समोर ठेवावे लागते.

त्यांचा जन्म १६६९च्या सुमाराचा. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ; पुणे प्रांतातील आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव रूढ झाले. वडील तुकोजी शिवकाळात मराठ्यांच्या चाकरीत होते. कान्होजींची उमेदवारी हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गावर झाली. सिद्दीच्या वेढ्यात किल्लेदाराचा धीर खचला, तेव्हा तरुण कान्होजींनी त्याला बाजूला सारून किल्ला राखला, अशी परंपरा आहे. तपशिलाविषयी मतभेद असले, तरी या माणसाचे नाव प्रथम पुढे येते ते जलदुर्ग राखणारा म्हणून, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढे १६८९ हे वर्ष आले. संभाजीराजांची हत्या झाली, राजाराम महाराज जिंजीकडे गेले आणि नोव्हेंबरात रायगड मोगलांच्या हाती पडला. येसूबाई आणि बाल शाहू कैदेत गेले. चहूबाजूंनी कडे तुटलेला, उभारणीत कोणतीही कसर न ठेवलेला रायगड वेढ्यापुढे टिकला नाही. राजधानी कितीही दुर्गम असली, तरी ती एकाच जागी एकवटली आणि भोवतालचा मुलूख शत्रूच्या हाती गेला, की तिचे दिवस भरतात. कोकणातील ठाणी एकामागून एक जाताना पाहणाऱ्या कान्होजींनी हा धडा घेतला असावा, असे मानायला जागा आहे. त्यांची पुढची सारी मांडणी तेच सांगते.

सरखेल सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर १६९८ मध्ये आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग अशी मातबर ठाणी हाताशी असताना त्यांनी मुख्य ठिकाण म्हणून कुलाबा निवडला. वरवर पाहता ही निवड धाडसाचीच होती. उत्तरेला मुंबईत इंग्रज, थळसमोरच्या उंदेरीवर सिद्दी, दक्षिणेला रेवदंड्यात पोर्तुगीज आणि त्याच्याही खाली जंजिरा. तीन शत्रूंच्या मध्ये जाऊन बसायचे, तर जागा तशीच हवी होती.

ही जागा शिवाजी महाराजांनी हेरली होती. मार्च १६८० मध्ये, म्हणजे निधनाच्या काही दिवस आधी, त्यांनी कुलाब्याच्या खडकावर बांधकाम सुरू करविले. ते संभाजीराजांच्या काळात पूर्णत्वास गेले. (मुंबईतला कुलाबा वेगळा. १९८१ पर्यंत आजच्या रायगड जिल्ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत, तो अलिबागच्या या किल्ल्यामुळे.)

आज ओहोटीच्या वेळी घोडागाडीतून किल्ल्यावर जाणारा पर्यटक जे पाहतो, ते सगळे कान्होजींचे नाही. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. त्यांच्याजवळ उभे राहून छायाचित्र काढले नाही, तर कुलाब्याची सहल पूर्ण होत नाही. पण त्या इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या कारखान्यात ओतलेल्या असून त्यांच्यावर १८४९ हे साल आहे. आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी खालसा केले १८४० मध्ये. म्हणजे या तोफांनी आंग्र्यांचे राज्य पाहिलेच नाही. किल्ल्यातील देखणे सिद्धिविनायक मंदिर राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधले, कान्होजींच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. उलट, जे होते त्यातले पुष्कळ गेले. १७८७च्या आगीत आंग्र्यांचा वाडा भस्मसात झाला. १८४२ मध्ये इंग्रजांनी आतील लाकडी बांधकामाचा लिलाव केला. तेव्हा कान्होजींच्या राजधानीपर्यंत पोहोचायचे असेल, तर आधी बऱ्याच गोष्टी वजा कराव्या लागतात. मग उरतो तट, बुरूज, पाणी आणि किल्ल्याच्या भोवतीचा मुलूख. जुनी दप्तरे या उरलेल्या भागावर प्रकाश टाकतात. शां. वि. आवळसकर यांचा ‘आंगरेकालीन अष्टागर’ हा ग्रंथ त्यासाठी आजही हाताशी ठेवावा लागतो. रायगडाची जीवनकथा लिहिणारे अभ्यासकही तेच.

किल्ला उत्तर-दक्षिण लांबट आहे. लांबी सुमारे ९०० फूट, रुंदी सरासरी ३५० फूट. तट वीस ते पंचवीस फूट उंच आणि त्यात १७ बुरूज. पिंजरा, नगारखानी, गणेश, सूर्य, हनुमंत, तोफखानी, दर्या ही त्यांतली काही नावे. तटाचे प्रचंड चिरे चुना न वापरता नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरते आणि परत येते. तिचा जोर तिथेच विरतो. महादरवाजा ईशान्येकडे, म्हणजे अलिबागच्या बाजूला आहे. त्यावर वाघ, हत्ती, मोर कोरलेले आहेत. दक्षिणेकडे एक धाकटा दरवाजा आहे. खाऱ्या पाण्याच्या वेढ्यात गोड्या पाण्याची पुष्करिणी आहे. आकाराने विजयदुर्गापुढे हा किल्ला लहानच वाटतो. त्याचे बळ भिंतींपेक्षा वेळेत आहे.

हे वेळेचे गणित कोळ्याच्या पोराला पाठ असते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणून ओहोटी बाराच्या सुमारास. पण अष्टमीचा तो भांग. पाणी फारसे मागे हटत नाही आणि वाट पुरती उघडी पडत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी दूरवर ओसरते, पण तेव्हा ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आगेमागे असते. म्हणजे किल्ल्यावर पायी चालून जायचे, तर महिन्यातले मोजके दिवस आणि त्या दिवसांतले मोजके तास. तेवढ्या वेळात तोफा वाळूतून ओढायच्या, शिड्या लावायच्या, तट चढायचा आणि जमले नाही तर पाणी परतायच्या आत माघारी फिरायचे. जहाजांतून यावे, तर भोवती खडक आणि उथळ पाणी. खोल तळाची युरोपीय जहाजे दूरच नांगरावी लागत. आंग्र्यांची गलबते चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या जोरावर तिथेच सुखाने फिरत आणि वारा पडला, तर मोठ्या गुराबांना ओढूनही नेत. दोन्ही बाजूंनी मारा करणाऱ्या विलायती जहाजाच्या मागच्या अंगाला जाऊन भिडायचे, ही त्यांची रीत याच पाण्यात मुरलेली होती.

तरीही दोन जागा धोक्याच्या होत्या. एक, किल्ल्याच्या उत्तरेला लागून असलेला खडक. तो शत्रूने धरून वर तोफा चढवल्या असत्या, तर कुलाबा संपला असता. त्या खडकावर सर्जेकोट हा धाकटा कोट आहे, मधल्या दगडी वाटेने मुख्य किल्ल्याशी जोडलेला. दुसरी जागा समोरचा किनारा. कुलाबा किनाऱ्यापासून हाकेच्या पलीकडे असला, तरी जड तोफेच्या टप्प्याच्या काठावर आहे. तेव्हा १७२० मध्ये कान्होजींनी अलिबागेत हिराकोट बांधला. मोठमोठ्या काळ्या दगडांचा हा भुईकोट पुढे कारागृह म्हणून वापरात आला, त्यामुळे अलिबागकरांना तो तुरुंग म्हणूनच अधिक परिचित आहे. किनाऱ्यावर मोर्चे बांधू पाहणाऱ्याला आधी हिराकोटाशी गाठ घालावी लागे.

याच्या बाहेर आणखी मोठे कडे होते. उत्तरेला थळसमोर खांदेरी. शिवाजी महाराजांनी इंग्रज आणि सिद्दी यांच्या नाकावर टिच्चून १६७९ मध्ये वसवलेले हे बेट मुंबई बंदराच्या तोंडाशी आहे. तिथून मुंबईत शिरणारे प्रत्येक शीड दिसे. पूर्वेला सागरगड; त्याच्या माथ्यावरून सारा किनारा नजरेखाली येई. आणि या दोहोंच्या आत आगरांचा पट्टा. सासवणे, आवास, किहीम, थळ, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा ही अष्टागरात येणारी नावे. ही वस्ती आंग्र्यांनी निर्माण केलेली नव्हती. नागावात शके १२८९, म्हणजे इ. स. १३६७ चा मराठी शिलालेख सापडला आहे. आंग्र्यांच्या आधी तीन शतके या आगरांचा कारभार लेखी चालत होता. वाडीतल्या पोखरणी, रहाटाचे शिंपण, नारळाचा काथ्या, मिठागरे, होड्या बांधणारे सुतार, भंडारी आणि कोळी दर्यावर्दी हे सगळे कान्होजींना आयते मिळाले. त्यांनी ते आरमाराशी जोडले. जहाजाच्या दोरखंडाचा काथ्या जिथे वळला जातो, ती वाडीही राजधानीचाच भाग मानावी लागेल.

दक्षिणेची बाजू मात्र नाजूक होती. नागावच्या पुढे चौल आणि त्याला लागूनच पोर्तुगिजांचे तटबंद रेवदंडा. तिथून निघालेली फौज किनाऱ्याच्या सपाट वाटेने अर्ध्या दिवसात अलिबागसमोर येऊ शकत होती. या बाजूला समुद्र नव्हता की सागरगडासारखा उंच पहारेकरी नव्हता. इथे कान्होजींची भिस्त घाटावरच्या राजकारणावर होती.

ते राजकारण त्यांनी १७१३-१४ मध्ये साधले. तोवर ते ताराबाईंच्या पक्षाचे होते. शाहूंनी त्यांच्यावर पाठवलेल्या पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी कैद केले आणि घाटमाथ्यावरचे लोहगड, राजमाची घेतले. साताऱ्याला धाक पडला. नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ मूळचे श्रीवर्धनचे, कोकणातली माणसे ओळखणारे. त्यांनी लढण्याऐवजी बोलणे केले. १७१४ च्या तहाने कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानले. त्यांच्याकडे सरखेली कायम झाली आणि दहा किल्ले व सोळा लहान ठाणी आली. या तहाकडे अनेकदा शाहूंचा विजय म्हणून पाहिले जाते. कान्होजींच्या बाजूने पाहिले, तर त्यांनी राजधानीच्या उघड्या बाजूला सह्याद्रीएवढी भिंत उभी केली. ती उपयोगी पडायला सातच वर्षे लागली.

दरम्यान इंग्रजांशी १७१३ चा सलोखा मोडला होता. भांडण दस्तकाचे होते. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापाऱ्याने आपला परवाना घ्यावा, हा कान्होजींचा आग्रह. पोर्तुगीज हेच दोनशे वर्षे करीत आले होते. तो त्यांचा हक्क ठरला आणि कान्होजी मात्र इंग्रजांच्या कागदांत चाचे ठरले. गव्हर्नर चार्ल्स बून यांनी मुंबईभोवती तट उभारायला घेतला आणि आंग्र्यांवर मोहिमा काढल्या. १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी, १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग. शेवटच्या मोहिमेसाठी मुद्दाम बांधलेल्या तरत्या तोफखान्याच्या तोफा पुरेशा उंच करता येईनात, गोळे पाण्यात पडू लागले. तिन्ही वेळा इंग्रज हात हलवत परतले. आंग्र्यांची धास्ती अशी, की १७२० मध्ये मुंबईतील मातबर गृहस्थ रामा कामाती यांच्यावर कान्होजींशी संधान बांधल्याचा खटला भरला गेला. पुरावा म्हणून आणलेले पत्र बनावट होते, हे नंतर उघड झाले. तोवर वाळकेश्वरचे मंदिर पुन्हा उभारणारा हा माणूस कैदेतच मरण पावला होता.

खरी कसोटी आली १७२१ च्या अखेरीस आणि ती दक्षिणेकडूनच आली. इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी ऑगस्टमध्ये करार करून थेट कुलाब्यावर जायचे ठरवले. इंग्लंडहून कमोडोर थॉमस मॅथ्यूज राजाच्या आरमारातली चार जहाजे घेऊन आला होता. सुमारे सहा हजारांची फौज चौल-रेवदंड्याला जमली. इंग्रज तुकड्यांचे नेतृत्व रॉबर्ट कोवन याच्याकडे होते. अलिबागकडे सरकणाऱ्या या सैन्याला किनाऱ्याची वाट नागाव-आक्षीच्या पट्ट्यातूनच होती. वाड्यांची गर्दी, अरुंद पाणंदी, पुढे साखरची खाडी. तोफांचे गाडे ओढणाऱ्या परक्या फौजेला हा मुलूख सुखाचा नव्हता.

अलिबागसमोर छावणी पडली तेव्हा बाजीराव पेशव्यांची फौज घाटाखाली उतरली होती. १७१४ च्या तहाचे हे फळ. पाहणी करायला पुढे गेलेल्या मॅथ्यूजच्या मांडीत एका मराठी स्वाराने भाला घातला. चिडलेल्या कमोडोरने पाठलाग करून पिस्तुले झाडली, तर त्यांत बारच भरलेला नव्हता. २४ डिसेंबरला इंग्रजांनी शिड्या लावून तटावर हल्ला चढवला. तो फसत असतानाच मराठी स्वारांनी पोर्तुगीज फळीवर घाला घातला. ती मोडली, पळ सुरू झाला आणि इंग्रजांची बगल उघडी पडली. तोफा, दारूगोळा मागे टाकून सैन्य चौलच्या वाटेला लागले. पोर्तुगिजांनी इंग्रजांना न विचारता जानेवारी १७२२ मध्ये बाजीरावांशी तह उरकला. दोन वर्षांनी डचांनी विजयदुर्गावर येऊन पाहिले; त्यांचीही तीच गत झाली.

या विजयात कान्होजींच्या तोफांचा वाटा मोठा होता, तरी निकाल लागला तो पेशव्यांचे घोडदळ वेळेवर आल्याने. आंग्र्यांच्या गौरवगाथेत हे दुसरे अंग झाकले जाते आणि पेशव्यांच्या बखरींत पहिले. राजधानीची रचना समजून घेताना दोन्ही एकत्रच पाहावी लागतात. युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात खांदेरी आहे, सुवर्णदुर्ग आहे, विजयदुर्ग आहे, कुलाबा नाही. कान्होजींच्या कड्याचे बाहेरचे दुवे यादीत आले आणि केंद्र राहून गेले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी निधन पावले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. मुंबईत ज्या जुन्या किल्ल्यातून त्यांच्याविरुद्ध मोहिमा आखल्या गेल्या, तिथल्या नौदलाच्या तळाला स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, त्यांचेच नाव देण्यात आले.

त्यांनी उभारलेल्या कड्यात एक गोष्ट मात्र नव्हती. शत्रू बाहेरून येईल, हे धरून प्रत्येक दगड बसवलेला होता. थोरले चिरंजीव सेखोजी १७३३ मध्ये गेले आणि भाऊबंदकी उफाळली. संभाजी दक्षिणेकडे वळले, कुलाबा येसाजींकडे राहिला. मानाजींनी पोर्तुगिजांची मदत घेऊन कुलाब्याला शिड्या लावल्या आणि किल्ला तलवारीच्या जोरावर घेतला. १७२१ मध्ये सहा हजारांना जे साधले नव्हते, ते घरच्या माणसाला साधले. भरती केव्हा, खडक कुठे, कुठला बुरूज बेसावध, हे त्याला कुणी सांगायला नको होते. येसाजींचे डोळे काढले गेले. १७३५ मध्ये बाजीरावांनी भांडण मिटवले, ते दौलतीचे दोन तुकडे करून. कुलाबा मानाजींना, विजयदुर्ग-सुवर्णदुर्ग संभाजींना.

१७४० मध्ये संभाजी उलटून आले. त्यांनी वडिलांची मांडणी नेमकी बाहेरून आत सोडवत नेली. चौल, अलिबाग, थळ, सागरगड एकापाठोपाठ एक घेतले आणि कुलाब्याला वेढा घालून आतल्यांचे गोडे पाणी तोडले. मानाजींनी पेशव्यांकडे हात पसरले आणि मुंबईकडेही. तेव्हा इंग्रजांची जहाजे पुन्हा एकदा अलिबागसमोर येऊन उभी राहिली, या वेळी कुलाबा वाचवण्यासाठी. संभाजींना वेढा उठवून सुवर्णदुर्गाकडे माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी पोर्तुगिजांनी चौल-रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन केले आणि नागावच्या दक्षिणेची सरहद्द पुसली गेली.